पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांना खुले पत्र

मंडळी,

स. न. वि. वि.

गेल्या बुधवारी संध्याकाळी, मुंबईहून नाशिकला परतताना, सव्वासहाच्या पंचवटीत तुमच्यापैकीच एकानं मला विचारलं, "काका, रिटायर झालात ना? मग आता मुंबईला कशाला?" मी म्हटलं, फिरायला. शेजारी माझा मित्र आप्पा बसला होता, मांडीवर पिशवी, पिशवीत माहीमचा हलवा. डब्यात हशा पिकला. "मुंबईत फिरायला? मुंबईची माणसं फिरायला इगतपुरीला येतात, काका!" हसणाऱ्यांत मीही होतो, कारण हाच विनोद याच गाडीत मी स्वतः दहा वेळा तरी केला असेल. पण कल्याण गेलं आणि तो टोचायला लागला. कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे घाट चढवणारी जादा इंजिनं, लागली तेव्हा ठरवलं, यांना पत्र लिहायचं. तोंडी सांगायला गेलो तर तुम्ही पत्ते पिसायला घ्याल.

माझी ओळख एवढीच की नाशिकरोड ते सीएसएमटी, एकवीस वर्षं, त्यातली शेवटची सहा खिडकीशी. परवा निवांतपणी हिशेब केला. वर्षाचे २४० दिवस धरले, जाऊन-येऊन पावणेचारशे किलोमीटर धरले, तर बेरीज अठरा लाखांच्या वर जाते. एवढ्या अंतरात चंद्रावर दोनदा जाऊन परत येता येतं. चंद्रावर गेलेली माणसं निदान खाली उतरून दोन दगड तरी उचलून आणतात. मी काय आणलं? क्रॉफर्ड मार्केटातून एकदा दिवाळीची माळ आणली होती, तीही दुसऱ्या दिवशी बंद पडली.

माझी मुंबई म्हणजे फलाट, भुयारी रस्ता, फुटपाथ, ऑफिसची खुर्ची आणि साडेपाचपासून घड्याळ. तुमचीही तेवढीच आहे, मला माहीत आहे. त्यात तुमचा दोष नाही. पहाटे पाचला उठून आलेला माणूस डोळे उघडे ठेवतो ते फक्त पुढच्याच्या टाचेवर पाय पडू नये म्हणून.

आता आप्पाबद्दल. हा शाळेपासूनचा दोस्त. जुन्या नाशकात वाड्यात जन्मला, सगळं आयुष्य गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, काठी काढलं. मुंबईला दोनदाच गेलेला, दोन्ही वेळा हॉस्पिटलात कुणाला तरी बघायला, आणि दोन्ही वेळा संध्याकाळच्या गाडीनं परत. मागच्या महिन्यात म्हणाला, "एकवीस वर्षं मुंबई केलीस, मला एकदा नीट दाखव ना." मी तोऱ्यात हो म्हटलं. रात्री झोप येईना. दाखवणार काय? ऑफिसच्या इमारतीतली लिफ्ट?

रविवारी सकाळी निघालो. पास नसल्यामुळे तिकीट काढावं लागलं, आणि ते खिशातून जाताना बोचलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सीएसएमटीला उतरल्यावर मी सवयीनं भुयाराकडे वळलो. आप्पानं बाही धरली. "थांब की. ते स्टेशन कुठाय, फोटोत असतं ते?" मी म्हटलं, अरे, त्यातच तर उभे आहोत आपण. "मग बाहेरून बघू." एकवीस वर्षांत मी ती इमारत समोरून, उभं राहून कधी बघितली नव्हती. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला गेलो आणि दोघं माना वर करून उभे राहिलो. घुमटावर बाईचा पुतळा आहे, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक. तिचं नाव 'प्रगती'. खाली फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे आपण. आप्पानं वाघ बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाला, "सिंहापेक्षा बरा आहे."

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदानं १८७८ ला काम सुरू केलं आणि ते दहाएक वर्षं चाललं. दगडात कोरलेले मोर, माकडं, पानं-फुलं करण्यात शेजारच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. ते काम चालू असतानाच, १८८५ ला, त्र्यंबकेश्वरचा एक पंधरा वर्षांचा मुलगा जे. जे.मध्ये दाखल झाला होता. तो पुढे दादासाहेब फाळके म्हणून ओळखला गेला. स्टेशनाशी त्याचा संबंध होता असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडचं पोर रोज या परांची-फळ्यांच्या बाजूनं जात-येत असणार, एवढं म्हणायला हरकत नाही. पुढे १९१३ च्या मे महिन्यात त्यानं गिरगावात कॉरोनेशन सिनेमात आपला पहिला चित्रपट दाखवला, आणि नंतर कारभार नाशकात हलवला. तो आपल्यातला पहिला अप-डाउनवाला म्हणायला हवा.

मुक्काम दादरला माझ्या भाचीकडे. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा आप्पा म्हणाला, "हे आपलंच." भाचीला कळेना. मग त्यानं समजावलं की त्र्यंबकच्या डोंगरावरून पूर्वेला उतरते ती गोदावरी आणि पश्चिमेला जाते ती वैतरणा. आणि ऊर्ध्व वैतरणा धरण आहे आपल्या नाशिक जिल्ह्यात. मुंबईच्या नळाला त्याच वैतरणेचं पाणी येतं. भाची म्हणाली, "मामा, मग पाणीपट्टी तुम्हीच भरा."

संध्याकाळी मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसलो. खाली ते चार पायांचे सिमेंटचे ठोकळे, त्यांच्या फटींतून खेकडे ये-जा करत होते. भेळ खाऊन दोनेक तासांनी परत त्याच जागी आलो तर निम्मे ठोकळे पाण्यात. आप्पा दचकला. म्हणाला, "वरून किती क्युसेक सोडलंय?" हसू नका. आपण पाणी ओळखतो ते गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं की सराफ बाजारवाले दुकानं रिकामी करतात. पाणी चढलं म्हणजे गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले, एवढंच आपलं शास्त्र. कुणी न सोडता, पाऊस नसताना, दिवसातून दोनदा चढणारं आणि दोनदा उतरणारं पाणी त्याच्या हिशेबात बसेना. शेवटी त्यानं ठोकळ्यांतल्या एकावर खूण धरली आणि पाणी तिथवर पोचेपर्यंत मला उठू दिलं नाही. अकरा वाजले. भाचीचे चार फोन.

सोमवारी माझी फजिती झाली. घारापुरीला जायचं म्हणून मी त्याला सकाळी साडेआठला गेट वेवर नेलं. वाटेत माहितीही दिली, एकवीस वर्षांच्या अधिकारानं. तिकिटाच्या खिडकीपाशी कळलं की सोमवारी लेणी बंद असतात. ही गोष्ट मुंबईतल्या शाळकरी पोरालासुद्धा माहीत असते. आप्पा काही बोलला नाही. नुसतं "बरं" म्हणाला, आणि ते बोलण्याहून वाईट होतं.

वेळ काढायचा म्हणून तासभर समुद्राकडे बघत बसलो, मग चालत दहा मिनिटांवरच्या वस्तुसंग्रहालयात गेलो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. सीएसएमटीपासून रमतगमत पंचवीस मिनिटं, माझ्या ऑफिसपासून तर दहाच. आत मी कधी गेलो नव्हतो. एकदा मुसळधार पावसात त्याच्या फाटकाशी अडकलो होतो, तेव्हाही आत न जाता छत्रीवाल्याशी घासाघीस करत बसलो.

तळमजल्यावरच्या मूर्ती बघून वर गेलो. आप्पाचा गुडघा दुखतो, म्हणून तो कठड्याला धरून सावकाश चढत होता. वरती, घुमटाखाली, तो एकाएकी थांबला. मला वाटलं गुडघा. तर तो समोरच्या लाकडी खांबांकडे बघत होता. गोलाकार मांडलेले जुने, काळपट लाकडी खांब, आणि खांबाखांबांमध्ये कोरीव लाकडी कमानी. त्यानं बोट दाखवून मोजले. अठरा. मग म्हणाला, "हे काम आपल्याकडचं आहे."

मी म्हटलं, अरे, सगळ्या वाड्यांतलं काम सारखंच दिसतं, पुण्यात बघ, साताऱ्यात बघ. "असेल," तो म्हणाला, "पण हे आपल्याकडचं आहे." त्याचा हात आपसूक वर गेला, तेवढ्यात राखणदारानं पाहिलं, आणि आप्पानं तोच हात पाठीमागं नेऊन दुसऱ्या हातात धरला. शाळेत मास्तरांपुढे धरायचा तसा.

खाली येऊन विचारलं. संग्रहालयाची स्वतःचीच माहिती आहे: ती अठरा खांबांची लाकडी महिरपी रचना नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणलेली आहे. जॉर्ज विटेट हा इमारतीचा वास्तुविशारद. १९०५ ला पायाभरणी झाली, पहिल्या महायुद्धात तिथे लष्कराचं रुग्णालय होतं, आणि १९२२ ला ती वस्तुसंग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली. गेट वेही याच विटेटचं, १९२४ चं. म्हणजे मंडळी, शंभराहून जास्त वर्षं आपल्या गावचा वाडा, नाशिकच्याच लाकडात, तुमच्या ऑफिसांपासून डबा खाण्याच्या सुट्टीत जाऊन येता येईल इतक्या अंतरावर उभा आहे. कुणाचा वाडा, कुठल्या गल्लीतला, हे आम्हाला तिथं कळलं नाही.

आप्पाचा स्वतःचा वाडा बारा वर्षांपूर्वी गेला. भाऊबंद, भाडेकरू, महापालिकेची नोटीस, एका पावसाळ्यात मागची भिंत बसली, आणि मग सगळ्यांनीच सही केली. चौक, ओसरी, माजघर, वरचा दिवाणखाना, सगळं सागवान. ते घनफुटाच्या भावानं गेलं. टेम्पो भरताना मी तिथे होतो. तुळया बाहेर येत होत्या आणि व्यापाऱ्याचा माणूस प्रत्येकीवर खडूनं आकडा टाकत होता. खांब शेवटी निघाले. आप्पानं एका खांबाखालचा तळखडा तेवढा मागून घेतला. आता तो त्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत आहे, त्यावर तुळशीची कुंडी. बाकीचं लाकूड कुठं गेलं विचाराल तर एखाद्या रिसॉर्टच्या गेटला किंवा कुणाच्या बंगल्याच्या झोपाळ्याला लागलं असेल.

संग्रहालयाच्या बागेत बाकावर बसून आम्ही भाचीनं दिलेले पराठे खाल्ले. आप्पा म्हणाला, "माझं आजोबांच्या काळात कुणी विकत घेतलं असतं तर इथं असतं." मी काही बोललो नाही. मग तोच म्हणाला, "पण मग मी जन्मलो कुठं असतो?" आणि पराठ्याचा उरलेला तुकडा कावळ्याला टाकला. परत निघताना तो पुन्हा वर जाऊन आला, गुडघ्यासकट. मी खालीच थांबलो.

मंगळवारी घारापुरी झाली. बोटीचं तिकीट काढताना आप्पानं भाव ऐकून तोंड वाकडं केलं, तेव्हा मला नाशिकच्या पांडवलेणीतल्या दहाव्या लेण्याचा शिलालेख आठवला. तो नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात त्यानं लिहून ठेवलंय की तापी, दमण, दाहाणुका वगैरे नद्यांवर लोकांना फुकट उतरून जाता यावं म्हणून नावा ठेवल्या, आणि भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक इथं वाटसरूंसाठी घरं बांधली. गोवर्धन म्हणजे आपलंच, गंगापूरजवळचं. शूर्पारक म्हणजे नालासोपारा, तुमच्या ऑफिसातले विरार फास्टवाले जिथून घामाघूम होऊन येतात तेच. घाटावरून समुद्राकडे जायचा रस्ता आणि त्यावरची गर्दी इतकी जुनी आहे. आप्पाचं म्हणणं पडलं की त्या जावयाला रेल्वे बोर्डावर घ्यायला हवं होतं.

बोटीला तासभर लागतो. वर चढायला शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना टोप्या-माळांची दुकानं, आणि माकडं. माकडांनी आमची काकडी नेली. गुहेतल्या अंधारात डोळे सरावले की तीन तोंडांचा शिव हळूहळू भिंतीतून पुढे येतो, अठरा-वीस फुटी. डावीकडचा चेहरा मिशीवाला, रागीट. उजवीकडचा बाईसारखा मऊ, हातात कमळ. मधला डोळे मिटून. आप्पा बराच वेळ मधल्यापुढे उभा होता. मला विचाराल तर डावीकडचा जास्त ओळखीचा वाटला, गाडी तासभर लेट झाल्यावर आपले चेहरे तसेच होतात.

बुधवारी काही ठरवलं नव्हतं. विजेच्या डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडायला दोन म्हातारे पळाले, एवढं सांगतो. एका इराण्याकडे ब्रून मस्का चहात बुडवून खाल्ला. आप्पाचा दात हलला, पण मस्क्याला त्यानं नावं ठेवली नाहीत. मग माहीमचा हलवा, आणि सव्वासहाची गाडी, आणि तुमचा हशा.

तर मंडळी, माझं मागणं छोटं आहे. तुमच्या खिशात पास आहे. त्या पासावर रविवारीही गाडीत बसता येतं, आणि तुम्ही रविवारी काय करता हे मला माहीत आहे, मीही तेच करत होतो: दुपारी चारपर्यंत झोपणे. महिन्यातला एक रविवार द्या. बायकोला घ्या, पोरांना घ्या. घरच्यांना तुमचं ऑफिस कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा ठाऊक नसतं. मुंबईत फिरायला लोकलचं एक, तीन किंवा पाच दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं. रिटायर झाल्यावर बघू म्हणाल, तर तेव्हा तिकीट पदरचं असतं आणि गुडघा आप्पाचा.

आणि रविवार जमत नसेल तर एक दिवस डबा साडेबाराऐवजी बाराला खा. फोर्टातल्यांना हे सहज जमेल. वस्तुसंग्रहालयात मूर्ती, चित्रं, नाणी काही बघू नका, वेळ पुरणार नाही. सरळ वर जा, घुमटाखाली, अठरा खांब मोजा आणि साहेबाच्या आधी खुर्चीवर परत या. उशीर झालाच तर सांगा, गावाकडचं घर बघायला गेलो होतो. खोटं होणार नाही.

ज्यांच्या घरचे वाडे अजून उभे आहेत, भद्रकालीत, पंचवटीत, गंगेच्या कडेला, त्यांना एक वेगळं सांगणं. तुमच्यात असे निदान चौघं आहेत, नावं घेत नाही. विकणार असाल तर विका, कुणाची अडचण काय असते ते मी आप्पाच्या दारात पाहिलंय. पण टेम्पो यायच्या आधी खांबांचे, कमानींचे, तुळयांचे फोटो काढा, मापं घ्या, गल्लीचं आणि घराण्याचं नाव घालून वहीत लिहून ठेवा. मुंबईतल्या त्या अठरा खांबांपाशी आम्हाला गल्लीचं नाव हवं होतं.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी आम्ही परत जाणार आहोत. राणीच्या बागेत दगडाचा हत्ती आहे, मूळचा घारापुरीचा, ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. उचलून न्यायच्या खटपटीत तो तुटला आणि मग तुकडे जोडून पुन्हा उभा केला. आप्पाला तो बघायचाय. सोमवार नाही याची खात्री मी दोनदा केली आहे. नाशिकरोडला फलाटावर वडेवाल्याजवळ उभे असू, ज्यांना यायचं त्यांनी यावं. डबा घरून आणावा.

तुमचा,
एक जुना पासधारक
जेलरोड, नाशिकरोड

ता. क. : खिडकीची जागा आप्पाला द्यावी. त्यानं घाट अजून उजेडात नीट बघितलेला नाही. जाताना मी त्याला माझ्या नोकरीच्या गोष्टी सांगत बसलो होतो.